स्वतः उभी करता येणार नाही अशी व्यवसायकल्पना कोणाला द्यावी, आणि कशी?

तासगावची शिक्षिका

नमस्कार. मी तासगाव तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. निवृत्तीला अजून अकरा वर्षे आहेत आणि सेवानियमांप्रमाणे नोकरीत असताना मला व्यवसाय करता येत नाही. खरे सांगायचे तर नियम आडवा आला नसता तरी मी हा व्यवसाय केला असता असे वाटत नाही, कारण लोकांच्या दारात उधारी मागायला जाणे मला जमणारे नाही. तरीही जी गोष्ट डोक्यात आहे ती वाया जाऊ नये असे वाटते, म्हणून विचारते आहे.

माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे आणि मळ्यातच बेदाण्याची शंभर फुटी शेड आहे. ज्यांनी अशी शेड पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून शेडमधल्या एकावर एक बांधलेल्या जाळ्यांवर पसरतात आणि ती सावलीत, वाऱ्यावर पंधरा दिवसांच्या आसपास वाळतात. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो. वारा खेळता राहावा म्हणून शेडच्या बाजू उघड्या ठेवाव्या लागतात. हा सारा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिलमधला, आणि वळीव नेमका त्याच दिवसांत येतो. पाऊस तिरपा आला की कडेच्या जाळ्यांवरचा माल भिजतो, काळा पडतो, आणि सौद्यात अशा पेट्यांकडे व्यापारी दुसऱ्यांदा पाहत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी रात्री अकरा वाजता असा पाऊस आला. मजूर गावी गेले होते. मी, दीर, जाऊबाई आणि माझा मुलगा असे चौघे जण विजेरीच्या उजेडात गुंडाळलेले प्लॅस्टिकचे पडदे एकेक दोरी सोडून खाली घेत होतो, त्यात अर्धा तास गेला, आणि तेवढ्या वेळात पश्चिमेची अख्खी बाजू भिजली. त्यानंतर मी एक यंत्रणा सुचवली. गेल्या फेब्रुवारीत ती आमच्या शेडला बसवली. कोपऱ्यातला एक अडसर काढला की चारही बाजूंचे पडदे एकदम खाली येतात, त्याला एक माणूस आणि चार मिनिटे पुरतात. शिवाय कोणी जवळ नसले तरी पाऊस लागताच तो अडसर आपोआप सुटतो, आणि त्याला वीज लागत नाही. तो कसा सुटतो ते मी येथे सांगत नाही. हंगामभर मी एका वहीत नोंद ठेवली: पडदे नऊ वेळा खाली घ्यावे लागले, त्यांतले दोन वेळा ते रात्री आपणहून पडले, आणि एकदा पाऊस नसताना नुसत्या दवाने पडले.

व्यवसायाची कल्पना या यंत्रणेच्या पुढची आहे. हंगामाच्या तोंडावर शेतकऱ्याच्या हातात पैसा नसतो, त्यामुळे तो नवी वस्तू विकत घेणार नाही. परंतु कोणी ही यंत्रणा जानेवारीत भाड्याने बसवून दिली, हंगामभर तिची देखभाल केली, मे महिन्यात काढून नेली आणि सौदा झाल्यावर पैसे घेतले, तर पुष्कळ जण तयार होतील असे मला वाटते. हे काम मी करू शकत नाही. मग मी काय करावे? पेटंट घेऊन बसावे, कोणा कारखानदाराला विकावे, की सरळ सर्वांना सांगून मोकळे व्हावे? आणि दाखवायला गेले की समोरचा ती उचलणार नाही, याची खात्री कशी करून घ्यावी?

कर्वेनगर

ताई, मी पुण्यात पेटंटची कामे करणाऱ्या एका कार्यालयात नोकरीला आहे. पुढचे सर्व दिशा कळण्यापुरते समजावे, प्रत्यक्ष अर्ज करताना पेटंट एजंटाचा सल्ला घ्यावा.

सर्वप्रथम, आपण अडसराचे रहस्य येथे लिहिले नाही हे फार चांगले केलेत, कारण एखादी गोष्ट अर्जाआधी जगापुढे प्रसिद्ध झाली की तिचे नावीन्य संपते आणि मग स्वतः शोधकालाही पेटंट मिळवणे अवघड होऊन बसते. आमच्याकडे रोज असे लोक येतात की ज्यांनी आधी समाजमाध्यमांवर चित्रफीत टाकलेली असते आणि मग अर्जाची चौकशी केलेली असते.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. एक म्हणजे यंत्रणा, आणि दुसरी म्हणजे हंगामी भाड्याने देऊन सौद्यानंतर पैसे घेण्याची पद्धत. दुसरीला पेटंट मिळणार नाही, कारण पेटंट कायदा, १९७० च्या कलम ३ मध्ये व्यवसायपद्धती स्पष्टपणे वगळलेली आहे. ती उद्या कोणीही उचलू शकतो. यंत्रणेचे तसे नाही. शेतीची पद्धतही त्याच कलमात वगळलेली आहे, परंतु आपले म्हणणे बेदाणा वाळवण्याच्या पद्धतीबद्दल नसून एका उपकरणाबद्दल आहे, म्हणून ती अडचण येऊ नये. खरी कसोटी अशी की, माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी शेजारी जोडल्या आहेत, की त्यांच्या जोडणीतून काही नवे आणि जाणकाराला सहज न सुचणारे निर्माण झाले आहे? हे मी अडसर पाहिल्याशिवाय सांगू शकत नाही, आणि येथे तो दाखवूही नये. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अर्ज आणि पेटंटे विनामूल्य शोधता येतात. दोन सुट्ट्या त्यात घालवाव्यात.

आता घाईची गोष्ट. यंत्रणा गेल्या फेब्रुवारीपासून उघड्या मळ्यात चालू आहे, म्हणजे ती येणाऱ्याजाणाऱ्याने पाहिली असणार. कलम ३२ अशी सवलत देते की शोधकाने किंवा त्याच्या संमतीने केवळ चाचणीसाठी, आणि ती उघड्यावर करणे वस्तूच्या स्वरूपामुळे गरजेचेच असेल तर, अर्जाच्या आधीच्या एका वर्षातील असा वापर नावीन्याच्या आड येत नाही. बेदाण्याच्या शेडची चाचणी पावसात आणि शेडवरच घ्यावी लागते, हे सांगणे अवघड नाही. पण ते एक वर्ष येत्या फेब्रुवारीत पुरे होते, आणि आज नोव्हेंबर चालू आहे. म्हणून निदान तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज त्याआधी करावा. व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केल्यास सरकारी शुल्क १,६०० रुपये आहे, एजंटाचे मानधन वेगळे. त्यानंतर पूर्ण तपशील देण्यासाठी बारा महिने मिळतात. या बारा महिन्यांकडे मी पेटंटाच्या आशेपेक्षा एका वेगळ्या दृष्टीने पाहतो: एवढ्या काळात आपण निर्धास्तपणे चार कारखानदारांना यंत्रणा दाखवू शकता, आणि कोणालाच रस नाही असे दिसले तर पुढचा खर्च न करता थांबू शकता.

गुप्ततेच्या कराराबद्दल एवढेच सांगतो की, पेटंट नसतानाही विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला न्यायालय संरक्षण देऊ शकते. झी टेलिफिल्म्स विरुद्ध संडायल कम्युनिकेशन्स या २००३ च्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने एका दूरचित्रवाणी मालिकेच्या संकल्पनेला तसे संरक्षण दिले होते. मात्र तेथे संकल्पना कागदावर नीट विकसित केलेली होती आणि ती कोणाला, कोणत्या नात्याने दिली हे दाखवता येत होते. चहा पिता पिता बोललेल्या गोष्टीला असा आधार राहत नाही.

पोल्ट्री, विटा

मॅडम, राग मानू नका, परंतु आमच्या पोल्ट्रीच्या शेडला बाजूचे पडदे हातविंचने वर-खाली करण्याची सोय कित्येक वर्षांपासून आहे. तार, कप्पी, पाइप आणि एक हँडल. तीनशे फुटी शेडचा पडदा एक बाई फिरवते. तेव्हा ‘एका माणसाने चार बाजू’ हे नवीन म्हणून कोणाकडे गेलात तर तो हसेल, आणि जो हसणार नाही त्याला धंद्याची माहिती नाही असे समजा.

नवीन आहे ते विजेशिवाय पावसाने आपोआप सुटणे. आमच्याकडे पडदा हळूहळू, हवेच्या अंदाजाने खालीवर होतो, तुम्हाला तो एकदम पाडायचा आहे. हा फरक मोठा आहे. पण तुम्ही स्वतःच लिहिले आहे की तो एकदा दवाने पडला. पडदा विनाकारण पडला आणि सकाळी दहापर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही तर वारा बंद होऊन माल कोंदटणार, आणि पहिला फोन भाड्याने देणाऱ्याला येणार. ज्याला ही कल्पना द्याल तो हाच प्रश्न पहिल्यांदा विचारेल. त्याचे उत्तर आधी शोधा.

आणि ‘पुष्कळ जण तयार होतील असे वाटते’ याला बाजारात किंमत नाही. तुमच्या वाटेवरच्या वीस शेडवाल्यांना विचारा की पाचशे रुपये आगाऊ देता का. सौद्यानंतर देतो म्हणणारे वीसही निघतील.

कुपवाड एमआयडीसी

मी शेतीअवजारे आणि शेडचे सांगाडे बनवणारा लहान कारखानदार आहे. कामगार चौदा. ज्या माणसाच्या दारात ताईंना जायचे आहे तो मीच, किंवा माझ्यासारखाच कोणी, म्हणून त्या बाजूने लिहितो.

वर्षाला पाच-सहा जण माझ्याकडे कल्पना घेऊन येतात. त्यांतले निम्मे खुर्चीवर बसण्याआधी गुप्ततेच्या कागदावर सही मागतात. मी ती करत नाही, आणि त्यामागे लबाडी नाही. माझ्याच कारखान्यात त्यासारखे काही आधीपासून चालू असेल तर सही केल्यामुळे मी उद्या माझ्याच वस्तूसाठी चोर ठरेन. जो तात्पुरता अर्ज करून येतो त्याच्याशी मला मोकळेपणाने बोलता येते, कारण त्याची तारीख सरकारी कागदावर पडलेली असते आणि सही कोणालाच मागावी लागत नाही. कर्वेनगरकरांचे म्हणणे म्हणूनच मला पटते.

कल्पना आवडली तरी नुसत्या कल्पनेसाठी मी एक रुपयाही देत नाही, आणि कोणी देत असेल असे मला वाटत नाही. परंतु ताईंकडे जे आहे त्याला मी पैसे देईन: हंगामभर चाललेली एक शेड आणि ती वही. नऊ वेळा पडदे पडले, त्यांतला एकदा चुकून पडला, ही नोंद माझ्या दृष्टीने सोन्यासारखी आहे, कारण एखादी वस्तू कोठे फसते हे शोधण्यातच माझे एक वर्ष आणि दोन गिऱ्हाइके जातात. त्या वहीत अजून वाऱ्याची दिशा, पडद्याच्या कागदाची जाडी, कोणती दोरी आधी झिजली, कोणती गाठ सरकली, हे सगळे भरून ठेवा. त्याला वीस शेडवाल्यांची नावे आणि पाचशे-पाचशे रुपये जोडले, तर मग आपण विकायला आलेल्या नसून मीच घ्यायला आलेलो असेन.

आता व्यवहार कसा करावा. एकरकमी किंमत मागू नका, कारण आज ती मी फारच कमी सांगेन, आणि पुढे धंदा चालला तर आपल्याला हळहळ वाटेल. नफ्यातला वाटाही मागू नका. लहान कारखान्यात नफा कागदावर कधीच होत नाही, हे मी माझ्याच वह्यांवरून सांगतो. भाड्याच्या पावतीवर ठरावीक टक्के, किंवा बसवलेल्या प्रत्येक शेडमागे ठरावीक रक्कम मागावी, कारण बसवलेली शेड रस्त्यावरून जातानाही मोजता येते. हक्क कायमचा देऊ नये. तीन हंगामांसाठी द्यावा, आणि एका हंगामात ठरलेल्या संख्येपेक्षा कमी शेड बसल्या तर तो आपोआप परत यावा, असे लिहून घ्यावे. हे शेवटचे वाक्य सगळ्यांत महत्त्वाचे आहे. कल्पना चोरीला जाण्यापेक्षा कोणाच्या तरी फडताळात पडून राहण्याची भीती मोठी असते. मी स्वतः अशा तीन वस्तू घेऊन ठेवल्या आहेत आणि हातातले काम सोडून त्यांच्याकडे पाहायला मला वेळ झालेला नाही.

माझा एक अनुभव सांगतो. गुऱ्हाळावर काम करणारे एक गृहस्थ गुळाची काहील एकट्याने कलती करता येईल अशी कप्पी सुचवून गेले. नगामागे दीड हजार द्यायचे तोंडी ठरले. पहिल्या आठ नगांचे मी दिले. मग गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून मी दोन वेळा रचना बदलली, इतकी की मूळच्या कप्पीचा फक्त हुक उरला. नवव्या नगाला मला वाटले की ही वस्तू आता माझी आहे, आणि त्यांना वाटले की नाव बदलून मी त्यांना बाजूला सारले. दोघेही आपापल्या परीने खरे होतो. आज आम्ही एकमेकांना नमस्कारही करत नाही. सुधारणा केल्या तर त्या कोणाच्या आणि त्यानंतर किती द्यायचे, ही एक ओळ लिहिली असती तर हे टळले असते.

जाता जाता एक शंका. ताई, आपण यंत्रणा ‘सुचवली’ असे लिहिले आहे. मग ती बनवली कोणी?

मांजरी बुद्रुक

मी कृषी विस्ताराच्या कामात होतो, आता निवृत्त आहे. वरील चर्चा विक्रीच्या अंगाने चालली आहे, म्हणून सर्वांना सांगून मोकळे होण्याची दुसरी बाजू मांडतो.

तासगावातच याचा दाखला आहे. तास-ए-गणेश हा द्राक्षाचा वाण कोणा प्रयोगशाळेत तयार झालेला नाही, तो आपल्याच भागातल्या बागेत निवडला गेला. सोलापूरकडच्या नान्नजचे नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस हे वाण असेच दिले. लावणीसाठी वेलाची काडी मागायला आलेल्याला ती मिळाली आणि वाण गावोगाव गेले, म्हणूनच आज ते इतक्या बागांत आहेत. या मार्गाने नाव मिळते, पैसा बहुधा मिळत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या टिपून एचएमटी हा तांदूळ तयार केला. त्या काळी त्या नावाचे घड्याळ सर्वांच्या मनगटावर असे, त्यावरून ते नाव पडले. तो तांदूळ अनेक राज्यांत पिकला, दादाजींना पुरस्कार मिळाले, परंतु २०१८ मध्ये ते गेले तोपर्यंत पैशाची चणचण काही संपली नाही. सांगून मोकळे होण्याचा विचार करताना हे दोन्ही डोळ्यांपुढे असावे.

मधला मार्ग म्हणजे गांधीनगरची नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन ही संस्था. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या आधाराने ती २००० पासून काम करते, आणि औपचारिक तांत्रिक शिक्षणाशिवाय लोकांनी केलेले शोध नोंदवून घेते. खोब्रागडे यांची दखलही तिनेच घेतली होती. योग्य वाटलेल्या शोधासाठी ती शोधकाच्या नावाने पेटंटाचा अर्ज करते आणि उत्पादकाशी गाठ घालून देण्याचाही प्रयत्न करते. मात्र हे काम सावकाश चालते, तेव्हा फेब्रुवारीची मुदत डोक्यावर असताना केवळ तिच्या भरवशावर राहू नये.

आपण शेवटी कोणताही मार्ग घ्या, पण येथे मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे, त्यांच्या बेदाण्याच्या जाणकारांना अर्ज केल्यानंतर यंत्रणा जरूर दाखवा. पडदे पडून राहिल्यास आत किती ओल कोंडते, हा पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न तेथे मोजून पाहता येईल. द्राक्ष बागायतदार संघाच्या मेळाव्यात मात्र अर्जाआधी ती मुळीच नेऊ नये.

तासगावची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस प्रत्येक उत्तर दोनदोनदा वाचले.

पोल्ट्रीच्या पडद्यांचे मला खरोखर ठाऊक नव्हते. काल विट्याच्या वाटेवर थांबून एक शेड पाहिली. हँडल फिरवणाऱ्या बाईंनी मला स्वतः फिरवू दिले, आणि माझ्या यंत्रणेचा पाऊण भाग तेथे माझ्या आधीपासून उभा आहे हे मान्य करावे लागले. थोडे वाईट वाटले. उरला तो अडसर.

आता कुपवाडच्या सरांच्या प्रश्नाचे उत्तर. यंत्रणा आमच्या गावातल्या वेल्डिंगवाल्या दादांनी बनवली. पावसाच्या पाण्याच्या वजनाने किंवा ओलीने काहीतरी सुटावे, ही कल्पना माझी. मी वर्गात मुलांना तराजू शिकवताना ती सुचली. परंतु मी काढलेल्या चित्राप्रमाणे केलेला अडसर तीन वेळा अडकला. चौथ्या वेळी दादांनी माझे चित्र बाजूला ठेवले, ट्रॉलीच्या फाळक्याचा खटका काढून आणला आणि त्याची जागा उलटी केली, तेव्हा तो सुटू लागला. त्यांनी मजुरीचे अठराशे रुपये घेतले, खटक्याचे घेतले नाहीत. हे मी पहिल्या पत्रात लिहिले नाही, कारण ते सांगण्यासारखे आहे असे मला तेव्हा वाटलेच नव्हते. मी मजुरी दिली म्हणजे यंत्रणा माझी झाली, असेच मी धरून चालले होते. ते बरोबर आहे का?

कर्वेनगर

नाही, ताई, तसे धरून चालता येणार नाही. पेटंटाच्या अर्जात खऱ्या शोधकाचे नाव द्यावे लागते. सांगितलेली वस्तू नुसती घडवून देणारा कारागीर शोधक ठरत नाही, पण आपल्या वर्णनावरून दादांनी केले ते घडवण्याच्या पुढचे आहे. ज्या अडसरावर सगळा भर आहे तो त्यांच्या बदलामुळे चालतो. तेव्हा एक तर दोघांच्या नावे अर्ज करावा, किंवा त्यांनी स्वतःचा हक्क आपल्या नावे लेखी करून द्यावा. कलम ६८ प्रमाणे पेटंटातल्या हक्काचे हस्तांतर लेखी असल्याशिवाय वैध ठरत नाही.

दोघांच्या नावे पेटंट झाले तर कलम ५० लागू होते, आणि त्याचा परिणाम आपण नीट समजून घ्यावा. वेगळा करार नसल्यास दोघांचा वाटा समान असतो. दोघांपैकी कोणीही दुसऱ्याला हिशेब न देता ती वस्तू स्वतः बनवू आणि विकू शकतो. मात्र तिसऱ्या कोणाला परवाना द्यायचा तर दुसऱ्याची संमती लागते. म्हणजे दादांशी न बोलता आपण कुपवाडला जाऊन हक्क देऊ शकत नाही, आणि दादा मात्र उद्यापासून आपल्या दुकानात अडसर बनवू शकतात.

आपल्या सेवेबाबतही एक सुचवतो. परवान्याच्या मोबदल्यापोटी पैसे येणार असतील तर त्याआधी कार्यालयाकडे लेखी परवानगी मागावी. घरातल्या कोणाच्या नावावर व्यवसाय दाखवण्याचा सल्ला आपल्याला जो तो देईल. तो ऐकू नये.

कुपवाड एमआयडीसी

खटका उलटा बसवणारा माणूस गावातच असेल तर माझ्याकडे येण्याआधी त्याला विचारा. मे महिन्यात पन्नास शेडवरून सामान उतरवणे आणि रात्री दोन वाजता आलेला फोन उचलणे हे काम कुपवाडहून होणार नाही. त्याला पाइप आणि कप्प्या घाऊक हव्या असतील तर मी देईन, दराचे बोलू.

तासगावची शिक्षिका

काल शाळा सुटल्यावर दादांच्या दुकानात गेले होते. भाड्याचे आणि देखभालीचे सगळे सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले की गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या दोघांनी आमची शेड पाहून तसलेच करून मागितले होते, पण ‘बाईंना विचारल्याशिवाय कसे करायचे’ म्हणून त्यांनी नाही म्हटले. मला हे त्यांनी वर्षभर सांगितले नव्हते.

अर्ज दोघांच्या नावे करायचे ठरले आहे. सरकारी शुल्क मी भरणार आहे. प्रत्येक शेडमागे मला किती द्यायचे, हे त्यांनी माझ्यावर सोडले, तेव्हा आकडा मी न सांगता त्यांच्या मुलाला घालायला सांगितला आहे, कारण वसुली तोच करणार. तीन हंगामांची अट त्यांना मान्य आहे. शेड बसवण्याच्या किमान संख्येवर मात्र आमचे अजून जुळलेले नाही: मी बारा म्हणते, ते पाच म्हणतात. त्यांच्याकडे वेल्डिंगचे एकच यंत्र आहे.

पाचशे रुपयांची चौकशी रविवारपासून सुरू करणार आहोत. दवाने सुटण्यावर त्यांनी एक उपाय योजला आहे, तो आज रात्री अंगणात पाण्याची झारी घेऊन पाहणार आहोत. वही बरोबर नेते.